फळीतला तांब्याचा पैसा

आमच्या मेहुण्याने होडी घेतली, आणि तीही अॅल्युमिनियमची. कल्याणच्या पुढे कुठलंसं वॉटर रिसॉर्ट बंद पडलं, तिथून ट्रेलरसकट उचलून आणली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, "अरे, ही होडी आहे की लग्नातलं भाताचं पातेलं?" त्याला राग आला. येऊ दे. माझ्या बोलण्याचा राग येणं हा सासरच्यांचा जुना उद्योग आहे.

होडी घेतली होती सासऱ्यांसाठी. कळव्याच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव. उभा जन्म जाळं टाकण्यात गेला, मग गुडघे गेले. चिखल तुडवत होडीपर्यंत जाणं जमेना, तेव्हा लाकडी होडी विकली. चार वर्षं ते ओट्यावर बसून भरती-ओहोटीच्या वेळा तेवढ्या सांगायचे, कोणी विचारत नसतानाही. एकदा तरी खाडीत जायचं होतं त्यांना. मेहुण्याचा बेत असा, की त्यांना दारातच होडीत बसवायचं, ट्रेलर उतारावरून उलटा पाण्यात न्यायचा, आणि होडी आपसूक घसरून तरंगली पाहिजे. नारळी पौर्णिमेला नारळ त्यांच्या हातून. बेत चांगला होता, पण मी तसं कोणाला सांगितलं नाही.

घोडं अडलं फळ्यांपाशी. ट्रेलरवर दोन लांब फळ्या असतात, त्यांवर होडी पोट टेकून बसते. हा ट्रेलर दुसऱ्याच कुठल्या रुंद होडीचा. फळ्या इतक्या फाकलेल्या, की आमचं पातेलं मधेच लोंबकळायचं आणि सगळा भार कडेच्या रिव्हेटांवर. फळ्या जवळ घ्यायच्या ठरल्या. मेहुण्याने माप कशाने घ्यावं? वितीने! डोंबिवलीच्या एमआयडीसीतला वेल्डर आणला, त्याने जन्मात जनरेटरच्या स्टँडखेरीज काही बनवलेलं नाही. "साहेब, फळी म्हणजे फळी," म्हणाला. बोल्टांची डोकी चांगली बोटभर वर! पत्रा फाटला असता. मी दाखवल्यावर ती लाकडात बुडवली. वर चढवलं मांडववाल्याकडचं उरलंसुरलं लाल कार्पेट, आठ लग्नांचे डाग असलेलं. मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून चहा पीत चुका काढत होतो. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, चुका काढायची सवय जात नाही.

सगळं झाल्यावर सासऱ्यांनी कनवटीतून तांब्याचा जुना पैसा काढला. त्यांच्या लाकडी होडीत सुताराने बसवलेला होता, विकताना त्यांनी तेवढा काढून घेतला होता. "यो फलीत घाला. होरीच्या पोटाला लागला पायजे. नायतर पानी तिला वलखत नाय." पाणी ओळखत नाही म्हणे! मेहुण्याने लगेच कार्पेट कापलं, फळीत खाच पाडली आणि पैसा बसवला, पत्र्याला चिकटेल असा.

तांबं, अॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम झिजतं. ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढत आलो. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बायकोला नंतर म्हटलं, वडीलमाणसाच्या श्रद्धेत जावयाने पडू नये. डोंबलाचं! मला त्यांची फजिती बघायची होती. पत्रा काळा पडेल, पुढच्या वर्षी सगळे डोकं खाजवतील, मग मी चहाचा घोट घेऊन कारण सांगेन, एवढंच मनात होतं.

थंडीत चाचणी झाली. सासऱ्यांच्या जागी मला बसवलं. "वजन सारखंच आहे, भावजी," मेहुणा म्हणाला. होडी लोण्यासारखी घसरली. मला एकही चूक काढता आली नाही, याची सासरी अजून आठवण काढतात. मग होडी तशीच ओली ट्रेलरवर चढवली आणि ताडपत्रीखाली टाकून दिली. ती निघाली थेट नारळी पौर्णिमेला.

त्या दिवशी सासऱ्यांनी नवी टोपी घातली होती. दोघांनी उचलून त्यांना होडीत बसवलं. मांडीवर नारळ. नजर खाडीकडे. ट्रेलर मागे गेला, होडी सुटली आणि तरंगली. मेहुणा दोर धरून कमरेएवढ्या पाण्यात, मी काठावर. आणि सासऱ्यांनी पाय हलवला. तळाला पैशाएवढं भोक पडलं होतं, पाणी उसळत होतं. त्यांनी त्यावर टाच दाबली आणि तशीच ठेवून नारळ सोडायला वाकले. तेवढ्यात मेहुण्याने पाणी पाहिलं आणि दोर ओढला. नारळ हातातच राहिला.

काठावर आणून होडी उपडी केली. भोक बरोबर पैसा टेकायचा तिथेच. सासऱ्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मीच.

"जावयबापू, पैशानं असा व्हतो, तुमाला म्हाईत होता?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग माजीच चूक," ते म्हणाले. नारळ त्यांनी मेहुण्याच्या हातात दिला आणि तोंड खाडीकडून फिरवलं. भोक बुजवून दोन वर्षं होत आली. मेहुणा दर नारळी पौर्णिमेआधी विचारतो, आणि ते म्हणतात, "नको रं, माज्या हाताला गुन नाय."