डिझेलच्या टाकीत पाणी

निवृत्त शिंपीकाका आणि काकू डिझेलवर चालणाऱ्या एका जुन्या गाडीत राहत. तेच त्यांचे घर होते. गाडीची सारी दुरुस्ती काका स्वतः करीत, कारण दुसऱ्याने मारलेली टीप त्यांना कधी पटली नाही. ‘एक जरी घोळ झाला, तरी गाडी विकून माझ्याकडे यायचं,’ असे मुलाने बजावले होते.

त्या सकाळी काकांनी पिण्याच्या पाण्याची नळी पाण्याच्या टाकीऐवजी चुकून शेजारच्या डिझेलच्या टाकीत घातली आणि पाणी सोडले. नंतर गाडी सुरू करायला ते किल्ली फिरवणार, तोच डिझेलच्या टाकीचे उघडे राहिलेले झाकण पाहून काकूंनी त्यांचा हात धरला.

“थांबा. इंजिनात पाणी गेलं, तर घरासकट इथेच बसू.”

दोघांनी टाकी रिकामी करून पुसली, फिल्टर बदलला, नवे डिझेल भरून त्याच्या नळीतली हवा हातपंपाने काढली. दुपारी इंजिन सुरू झाले, आणि मुलाचा फोन आला.

“साफसफाई चाललीय,” काकू म्हणाल्या.

काकांनी फोन मागून घेतला. झाकलेली चूक पुढच्या कापडातही उतरते, हे त्यांना ठाऊक होते.

“डिझेलमध्ये पाणी ओतलं मी. काढलंही मीच.”

“निम्मं मी,” काकू मागून म्हणाल्या.

मुलाने विचारले, “मग यापुढे टाकी कोण भरणार?”

“तुझी आई,” काका म्हणाले, आणि झाकणांच्या किल्ल्या त्यांनी काकूंच्या हाती दिल्या.