जाऊबाईंच्या शुभेच्छा

सूड घ्यायचा तर हसतमुखानं घ्यावा, आणि शक्यतो भर चौकात घ्यावा, असं माझं मत आहे. थोरल्या जाऊबाईंवर मी तो तसाच घेतला. अजूनही कोरेगावच्या बाजारात भाजी निवडताना मला मधूनच हसू फुटतं.

मुलगी दोनदा नीटला बसली आणि दोन्ही वेळा एमबीबीएस हुकलं. जाऊबाईंचा मुलगा डॉक्टर होऊन पुण्यात लागलेला. त्यामुळे मलाही मुलगी डॉक्टरच हवी होती. रोग्यांसाठी नव्हे, जाऊबाईंचं तोंड बघण्यासाठी.

मग ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन सांगलीला, विश्रामबागेत झालं. सर्जन सकाळी डोकावून जात. त्यांची फिजिशियन असिस्टंट मात्र दिवसभर असे. तपासणं, ड्रेसिंग, सर्जनना कळवणं आणि ह्यांच्या शंका ऐकून घेणं, सगळं तीच करी. मुलगी तिच्या मागेमागे. परतताना एसटीत म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय. तिसऱ्यांदा नीट नको."

"आणि काकूला काय सांगू?"

"तिला बरं नसलं की मी तपासीन, म्हणून सांग."

जाऊबाईंनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "डॉक्टरच्या हाताखाली? म्हंजे कंपौंडरच की गं. परत बसीव तिला, न्हाईतर उजवून टाक."

एवढ्यावर थांबल्या नाहीत. रविवारी भावकी बसवून थोरल्या दिरांकडून प्रवेशाला नकार मिळवायचा, असं त्यांनी ठरवलं. प्रवेशाची मुदत सोमवारी संपणार. हे सीमेवर बंदूक चालवून आलेले, पण भावापुढे ह्यांची मान वर होत नाही.

आमच्याकडे कुणी पास झालं, सैन्यात भरती झालं की चौकात फ्लेक्स लागतो. खाली शुभेच्छुकांचे फोटो. एकदा लागला की गोष्ट पक्की. माघार घेतली तर घराण्याचं हसं. शनिवारी सकाळीच मी फ्लेक्सवाल्याला गाठलं. वर मुलगी, तिच्याभोवती अभिनंदनाची सोनेरी अक्षरं, आणि खाली शुभेच्छुक म्हणून दीर आणि नथ घातलेल्या, हसऱ्या जाऊबाई.

"वयनी, तुमचा फोटू?" फ्लेक्सवाल्यानं विचारलं.

"मला कशाला? सगळं त्यांच्यामुळंच की."

फ्लेक्स चौकात लागला आणि दुपारपर्यंत जाऊबाईंच्या दारात माणसं. "लय मोठं मन तुमचं. पुतणीसाठी एवढं कोन करतंय?" संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. चेहरा बघण्यासारखा होता आणि मी तो मनसोक्त बघितला.

"ह्यो कुनी लावला?"

"तुमीच की, आक्का. तुमचाच फोटू हाय."

रविवारी भावकी बसली. दिरांनी घसा खाकरला, तोच सगळ्यांत वडीलधारे चुलते म्हणाले, "चांगलं केलंस गड्या, पोरगी मार्गी लावलीस." दिरांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी सतरंजीकडे. माझी मुलगी दाराशी ओढणी पिळत उभी होती.

"व्हय," दीर म्हणाले. "पोरीला शिकू दे."

सोमवारी सांगलीला जाताना मी जाऊबाईंना आग्रहानं बरोबर नेलं. शुभेच्छुकच त्या, नाही कशा म्हणतील? एसटीत गावातल्या एका बाईनं विचारलं, "म्हंजे नक्की काय शिकनार पोरगी?" मी बाहेरचा ऊस बघत बसले. उत्तर जाऊबाईंनाच द्यावं लागलं. अडखळल्या तेव्हा मुलीनं त्यांना हळूच सांगितलं, आणि त्यांनी ते जसंच्या तसं पुढे म्हटलं.