वहिनी आणि काळ्या सोंगट्या

आमची वहिनी लोकांना गाडी चालवायला शिकवते. कुणी क्लचवरून पाय झटकन काढतं, कुणी ब्रेक समजून भलतंच दाबतं, आणि ती शेजारी बसून गोड आवाजात "सावकाश" म्हणत राहते. तिचा सगळा संयम तिथेच खर्च होतो. घरी आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

त्यात दादाचा पाय मोडला. दुकानांना काचा बसवायचं त्याचं काम. शिडीवरून घसरला आणि प्लास्टर घालून सोफ्यावर येऊन पडला. टीव्हीचे चॅनेल बदलून बदलून त्याने आम्हाला वीट आणला. शेवटी त्याच्या मित्रालाच दया आली. त्याने 'गो' नावाचा खेळ आणून दिला: रेघा मारलेला लाकडी पाट, एका वाटीत काळ्या सोंगट्या, दुसरीत पांढऱ्या. मी कामाची सबब सांगून सटकले. सापडली वहिनी.

"सोपं आहे," दादा म्हणाला. "आळीपाळीने एकेक ठेवायची. ठेवलेली हलवायची नाही. सगळ्या बाजूंनी कोंडली की ती गेली. शेवटी जास्त जागा ज्याने घेरली, तो जिंकला."

वहिनीने काळी सोंगटी एका चौकोनात ठेवली.

"चौकोनात नाही गं. रेघा मिळतात तिथे."

"मग चौकोन आखलेत कशाला?"

दादाने तिची सोंगटी कोंडत आणली. तिने पुढे दुसरी ठेवून वाट काढली. तो आडवा आला. ती वळली, तो पुन्हा आडवा. असं करत तिची नागमोडी रांग पाटाच्या कडेला जाऊन थडकली आणि दादाने सगळीच्या सगळी उचलून घेतली.

"याला शिडी म्हणतात," तो खुशीत म्हणाला.

"शिडीवरून पडून घरी बसलायस. तू शिडीचं नाव काढू नकोस."

रोज हेच. एक सोंगटी वाचवायला जायची आणि दहा गमवायची. "सुरुवातीला दोन-तीन जादा घे," दादा म्हणाला, तर ती पाट तसाच टाकून उठली. सकाळी दात घासता घासता मला म्हणाली, "ती कोपऱ्यातली सोडायला हवी होती."

"कुठली?"

"जाऊ दे. तुला काय कळणार."

मग एका संध्याकाळी दादाने नेहमीसारखी तिची सोंगटी कोंडली. वहिनीने बोटांनी वाटी वाजवली आणि पाटाच्या पार दुसऱ्या टोकाला सोंगटी ठेवली.

"अगं, ही मरतेय."

"मरू दे."

दादाने ती उचलली, शेजारची उचलली. तेवढ्यात तिने पलीकडचा मोठा कोपरा घेरून टाकला. दादाने जागा पुन्हा पुन्हा मोजून पाहिली. वहिनी जिंकली होती, थोडक्यात का होईना. तरी चिडलेलीच.

"सोडून द्यायचं असतं हे आधी सांगता येत नव्हतं?"

"रोज सांगत होतो."

"असं सांगतात का?"

प्लास्टर निघालं, दादा कामावर जायला लागला. मित्र खेळ परत न्यायला आला, तर वहिनीने त्याला दारातूनच "अजून थोडे दिवस" म्हणून वाटेला लावलं. आता दादा दमून घरी येतो आणि चप्पल काढेपर्यंत ती वाट्या मांडून बसलेली असते. बहुतेक वेळा हरते, भांडते, पुन्हा मांडते. दादा जांभया देत खेळतो. स्वयंपाक मला करावा लागतो, आणि त्यात मीठ कमी पडलं तर दोघांचं लगेच एकमत होतं.