शुद्धलेखनाच्या तासाला व्याख्यान

तालुक्याच्या हायस्कुलात मी तेव्हा मराठी शिकवत होतो, तेही कच्च्या नेमणुकीवर. मार्च उलटला की एक तर कायम व्हायचं, नाही तर बायकोला घेऊन डोणगावला सासऱ्यांच्या दुकानात पुड्या बांधायला बसायचं, असे दोनच रस्ते समोर होते. अशा वेळी पुण्याच्या एका साप्ताहिकात राजकारणावर सदर लिहिणाऱ्या गृहस्थांना शाळेत बोलावण्याची मला अवदसा आठवली. त्यांचं सदर मी इतक्या भक्तिभावाने वाचायचो की माझ्यातही त्यांचं थोडं धैर्य उतरलंय असं मला वाटायला लागलं होतं. विषय त्यांनीच कळवला: विचारस्वातंत्र्य आणि सहानुभूती.

हेडमास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. "सहानुभूतीला माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण पहिल्या अर्ध्याचं काय करायचं?"

शाळेला सरकारी ग्रँट होती. पोलिसांची परवानगी मिळाली ती एका अटीवर: ठाण्याचा माणूस समोर बसून शब्द न् शब्द उतरवून घेणार. "वाकडं वाक्य निघालं तर तुमचा कायमचा कागद माझ्या टेबलावरून हलणार नाही," हेडमास्तरांनी मला बजावलं. आणि अभ्यास बुडू नये म्हणून व्याख्यानाला वेळ दिली शनिवार सकाळची, म्हणजे शुद्धलेखनाच्या तासाची.

ठाण्यातून आले जमादार. पिंपळगाव राजा या गावचे, पन्नाशीचे, उर्दू शाळेत शिकलेले. मराठी लिहायला ते नोकरीत शिकले होते. पहिल्या बाकावर बसून, ओली केली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून ते तयार झाले.

पाहुणे पुण्याच्या वेगाने सुटले. आपलं मत निर्भयपणे मांडा, पण मांडण्याआधी स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, असं ते म्हणत होते. तेवढ्यात जमादार उभे राहिले.

"सायेब, माफ करजा. 'सोताले दुसऱ्याच्या जागी ठिवा' इथलोक मी आलो, पन मांगचं समदं राहून गेलं. अर्धा कागद नेला तं सर्कल सायेब माहा पट्टा उतरवतीन."

मुलं हसली. पाहुण्यांच्या कपाळाला आधी आठी पडली, मग ती हळूहळू विरली. बिचारे स्वतःच्याच वाक्यात सापडले होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सावकाश, आणि प्रत्येक वाक्य तीन-तीनदा.

पुढे जे झालं त्यात कुणाचाच दोष नव्हता. शनिवारी सकाळी, त्याच खोलीत, मोठा माणूस एकच वाक्य तीनदा म्हणतोय म्हटल्यावर आमच्या मुलांना एकच गोष्ट ठाऊक होती. दप्तरं उघडली, दौती बाहेर आल्या आणि साठ टाक चालू लागले. पाहुण्यांना ते पाहून भरून आलं. "वऱ्हाडात ज्ञानाची केवढी ही तहान!" ते म्हणाले. मुलांनी तेही लिहून घेतलं. एकाने उभं राहून विचारलं, "सर, इथं स्वल्पविराम का पूर्णविराम?" "पूर्णविराम," पाहुणे म्हणाले. त्यानंतर ते आपण होऊन विरामचिन्हं सांगू लागले.

तासाभरात व्याख्यानाचं दीड पान झालं. अखेरीस जमादारांच्या पेन्सिलीचं टोक तुटलं. जांभळी झालेली जीभ दातांत धरून, खाली मान घालून ते चाकूने टोक काढत बसले. पाहुण्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी शेवटचं वाक्य खणखणीत आवाजात तीनदा सांगितलं: "ज्या राज्यात तोंड उघडायला परवानगी लागते, ते राज्य आपलं नव्हे. पूर्णविराम."

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. जमादारांच्या कागदावर ते वाक्य नव्हतं. पण साठ वह्यांत, सुवाच्य अक्षरात, आमच्याच शाळेच्या शाईने उतरलं होतं.

मी आभार मानले. पाहुणे बैलांच्या दमणीत बसून शेगावच्या गाडीला गेले. निघताना माझा हात दाबून म्हणाले, "तुमच्यासारखे शिक्षक आहेत, म्हणून आशा आहे." त्यांची दमणी वळणावर दिसेनाशी होईस्तोवर मी वह्या गोळा केल्या होत्या.

दुपारभर बसून मी साठ वह्यांतलं ते वाक्य लाल शाईने खोडलं आणि समासात 'चूक' लिहिलं. पहिल्या चार-पाच वह्यांना वेळ लागला. नंतर सराव झाला. एकाने 'परवानगी' चुकीचं लिहिलं होतं, ते मी आधी दुरुस्त केलं आणि मग खोडलं. मला स्वतःची लाज वाटत होती. पण डोणगावची पुडी त्याहून जवळ दिसत होती.

सोमवारी जमादार आले. "मास्तर, पेन्सिल तुटली तवा एखांदं वाक्य निसटलं असन. पोराची वही दाखवता का?"

मी सर्वांत चांगल्या अक्षराची वही दिली. व्हरांड्यात बसून त्यांनी आपला कागद ताडून पाहिला आणि लाल रेघेपाशी थांबले. रेघेखालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. त्यांनी बोट फिरवत ते मोठ्याने वाचलं.

"हे काऊन खोडलं?"

"चुकलंय."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "मले तं बराबर वाटून राह्यलं."

मी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत राहिलो. बोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती; व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो.

"पन मास्तर तुमी," जमादार पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले. "तुमी चूक म्हनता, तं सरकारी कागदावर चुकीचं मी कसं लिवू?" वही नीट मिटून त्यांनी माझ्या हातात दिली आणि सलाम करून गेले.

एप्रिलमध्ये मी कायम झालो. शिफारशीत हेडमास्तरांनी लिहिलं होतं, 'वह्या फार काळजीपूर्वक तपासतात.' घरी आल्यावर बायकोने तो कागद वाचून दाखवायला सांगितलं. मी तिला फक्त पगाराचा आकडा सांगितला.