आईने ठेवायला दिलेलं दुखणं

भूतबित, करणी, बाहेरचं... असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं. पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय. आईला नागीण झाली तेव्हा शेजारच्या भाभी कुठल्याशा झाडफूकवाल्याचा पत्ता घेऊन आल्या होत्या, त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण लिहिते.

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात नई सडकच्या मागच्या गल्लीत राहतो. घरात आई आणि मी, शुभा. माधवदादा बंगळुरूला. माझं लग्न झालं नाही — आईला टाकून कसं जायचं, यात ते राहूनच गेलं. आईची नागीण महिन्याभरात सुकली, पण दुखणं गेलं नाही. पाठीपासून डाव्या बरगड्यांखालून पोटापर्यंत नुसता आगीचा पट्टा! पदर लागला तरी ओरडायची. गोळ्यांनी फक्त झोप यायची. वर्षभराने तिच्याच डॉक्टरांनी संमोहनाने वेदना कमी करणाऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. यात शास्त्र आहे म्हणाले, म्हणून मी तयार झाले.

मला बाहेरच बसवलं. अर्ध्या तासाने आई आली ती ताठ चालत! "गेलं गं बाई," म्हणाली आणि जिना एकटीने उतरली. खाली थांबून चक्क कचोरी खाल्ली. मला इतका आनंद झाला की रस्त्यातूनच दादाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या डाव्या बरगड्यांखाली गरम इस्त्री टेकवल्यासारखी आग झाली. अंगावर पुरळ नाही, काही नाही. रक्त, सोनोग्राफी, एमआरआय... सगळं नॉर्मल. "मॅडम, आपने माँ का टेन्शन ले लिया है," एक डॉक्टर हसत म्हणाले. मलाही ते पटलं.

पंधरा दिवसांनी संमोहनाच्या डॉक्टरांनी आईला रोज ऐकायला म्हणून त्या दिवशीचं रेकॉर्डिंग पाठवलं. मोबाइल मीच लावून दिला. संथ आवाजात ते म्हणत होते, "माताजी, अब इस दर्द को उठाइए और कहीं रख दीजिए... अलमारी में, संदूक में, जहाँ आप चाहें." आई बाहेर जन्मभर फर्डं हिंदी बोलत आली, पण तिथे ती मराठीत पुटपुटली, "माधवला नको... त्याला ऑफिस असतं. शुभाकडे देते. तिला सवय आहे."

डॉक्टरांना मराठीचा गंध नाही. "बहुत अच्छे," ते म्हणाले, "अब वो वहीं रहेगा."

लक्षात घ्या, हे मी ऐकलं त्याच्या पंधरा दिवस आधीच माझं दुखणं सुरू झालं होतं. मग मनाने घेतलं असं कसं म्हणायचं?

आईला विचारलं तर तिला काहीच आठवेना. "मी कशाला असं म्हणेन? तू हल्ली फार किरकिर करतेस हं!"

मी तिला परत नेलं आणि हट्टाने आत बसले. डॉक्टरांना अर्थ सांगितला तेव्हा बिचारे ओशाळले. आई डोळे मिटून शांत झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी म्हणून विचारलं, "माताजी, जो दर्द बेटी को दिया था, वापस लेंगी?"

आईने कपाळाला आठ्या घातल्या आणि लहान मुलीसारखी मान हलवली. "नको. फार दुखतं ते."

आठ महिने झाले. आई ठणठणीत आहे, रोज देवळात चालत जाते. मला डाव्या कुशीवर झोपता येत नाही. याचं कारण कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मला तरी सापडलेलं नाही. खरं सांगू? कारण नाही कळलं तरी चालेल. पण किती दुखतं हे तिला ठाऊक होतं, आणि तरी तिने ते मला दिलं, याचं काय करू? सकाळी मी तिच्यापुढे चहा ठेवते. ती बशीत चहा ओतता ओतता म्हणते, "शुभा, जरा स्वतःच्या तब्येतीकडे बघ गं."