पायरीवर घेतलेलं माप

टेपपुढे माणूस खरं बोलत नाही, असं टेलरबाईंचं ठाम मत होतं आणि ते त्या कुणी विचारलं नाही तरी सांगत. टेप कमरेला लागली की भलेभले पोट आत ओढतात. एरवी खांदे पाडून चालणारी माणसं छाती काढून उभी राहतात. टेलरबाई आकडा लिहिताना गुपचूप अर्धा इंच वाढवत. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही कपडा घट्ट झाला म्हणून परत आला नव्हता, त्यामागचं गुपित एवढंच. रस्त्याकडच्या खोलीत दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, एक आरसा आणि कोपऱ्यात पडदा, एवढ्या पसाऱ्यावर त्यांनी आख्खी वस्ती अंगाबरोबर बसवली होती.

चूक झाली ती घरच्याच माणसाच्या मापात.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने पोस्टात पत्रं वाटली. अर्ध्या शहराचे जिने तिने पायाखाली घातले होते, आणि कुठल्या इमारतीची कितवी पायरी तुटकी आहे हे ती झोपेतही सांगू शकली असती. आता मात्र तिच्याच जिन्याने तिला अडवलं होतं. उजवा गुडघा बदलला होता. घर तिसऱ्या मजल्यावर, बावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. म्हणून ऑपरेशननंतर ती धाकटीकडे तळमजल्यावर येऊन राहिली होती.

ताईचा मुलगा परगावी असे. त्याने मायेनेच, पण पक्कं सांगून ठेवलं होतं, की दोन महिन्यांत जिना चढलीस तर राहा तिथेच, नाही जमलं तर ते घर सोडायचं आणि माझ्याकडे यायचं. ताईने शब्द दिला होता. मुलाकडे तिला काही कमी पडलं नसतं, सूनही चांगली होती. पण आयुष्यभर स्वतःचं दार स्वतः उघडलेली बाई ती, दुसऱ्याच्या घरात पाहुणी होऊन बसायची कल्पनाच तिला सोसत नव्हती. आणि टेलरबाईंना ताई परगावी जायची कल्पना सोसत नव्हती. हे मात्र त्या कुणालाही सांगत नसत.

गुडघा खुर्चीत बसण्याइतका वाकायचा, त्यापुढे नाही. घरच्या व्यायामाने भागेना, तेव्हा डॉक्टरांनी जिममध्ये जाऊन सायकल आणि पायाची मशीन सुरू करायला सांगितलं. पहिल्या दिवशी ताई ढगळ पायजमा घालून गेली. पायजम्याची मोहरी पेडलमध्ये अडकून टर्रकन फाटली आणि ताई पडता पडता वाचली. जिममधल्या कोचबाईंनी सांगितलं, की पँटचा पाय लोंबता नको, कापड घाम पिणारं हवं, आणि गुडघा किती वाकतोय ते मला कपड्यावरून दिसलं पाहिजे. हे ऐकून मुलाने एक चकचकीत, अंगाला चिकटणारा सूट पाठवला. ताईने तो कसाबसा चढवला, आरशात पाहिलं, हे कपडे आहेत की अंगाला फासलेला रंग, असं विचारलं आणि उतरवून ठेवला. त्यानंतर ती खुर्चीत बसून राहिली. जिम माझ्यासाठी नाही, म्हणाली.

टेलरबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गुडघा डॉक्टरांनी नीट केला आणि घोडं पेंड खातंय ते कपड्यापाशी? तेही शिवणाऱ्या बाईच्या घरात? त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं, ताईला आरशापुढे उभं केलं आणि माप घेतलं. गडद निळं, थोडं ताणलं जाणारं सुती कापड काढलं आणि दुपारभरात पँट शिवून टाकली. कमरेत नेमकी, मांडीत बेताची, खाली निमुळती. ताईने खिसा मागितला. टेलरबाईंनी साफ नाही म्हटलं, व्यायामाच्या कपड्याला खिसा म्हणजे नसती अडगळ. पँट घालून ताई आरशापुढे उभी राहिली तेव्हा टेलरबाई स्वतःवरच इतक्या खूश झाल्या, की त्यांनी तिला दोनदा वळायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ताई तासाभरात परत आली. सायकलवर गुडघा वर आला की पँट मागून खाली घसरायची. एक हात हँडलवर, एक हात कमरेशी. गुडघ्यावर कापड करकचून बसायचं आणि आतली शिवण नेमकी टाक्यांच्या व्रणावर घासायची. गुडघा आधी वाकायचा तेवढाही वाकला नव्हता. हे सगळं सांगून झाल्यावर ताईने पँट घडी करून टेबलावर ठेवली.

"छान शिवलीस धाकटे," ती म्हणाली. "उभं राहायला."

पस्तीस वर्षांत परत आलेला हा पहिला कपडा. टेलरबाईंना जेवण गेलं नाही. राग ताईचा नव्हता, स्वतःचाच होता, आणि त्याखाली भीती होती. दोन महिन्यांतले बारा दिवस आधीच वाया गेले होते.

सकाळी टेप गळ्यात घालून त्या स्वतः जिममध्ये गेल्या आणि भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. कोचबाईंना वाटलं, नवीन नाव नोंदवायला कुणी आलंय. टेलरबाईंनी नुसतं बघायला आलेय म्हणून सांगितलं आणि बघू लागल्या. अर्ध्या तासात त्यांना जे दिसलं ते त्यांनी आरशात कधी पाहिलं नव्हतं. वजन उचलणारा तरुण प्रत्येक वेळी हात खाली आले की सदरा खाली ओढत होता. पळणारी मुलगी दर शंभर पावलांनी कंबरपट्टा वर खेचत होती. चटईवर वाकलेल्या एका गृहस्थांची पाठ वीतभर उघडी पडली होती आणि त्या बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. सगळ्यांचे कपडे उभ्या माणसाचे होते. उभं मात्र इथे कुणीच राहत नव्हतं. टेलरबाईंनी कपाळावर हात मारला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि ती जास्त लागली. आरशापुढे ताईसुद्धा खोटं बोलली होती. सगळा भार डाव्या पायावर घेऊन तिने उजवा गुडघा ताठ धरला होता, सूज दिसू नये म्हणून. परक्या गिऱ्हाइकाचं हे सोंग टेलरबाईंनी चटकन ओळखलं असतं. ताई म्हणून त्यांनी ती सांगेल ते खरं मानलं, अर्धा इंचही वाढवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी येऊन त्यांनी ताईला मागच्या दाराशी बोलावलं. तिथे अंगणात उतरायला तीन पायऱ्या होत्या. टेलरबाईंनी तिला खाली उभं केलं, कठड्याला धरून उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवायला सांगितलं, आणि टेप उघडायच्या आधी विचारलं, की पत्रं वाटायच्या तुझ्या वाटेवरचा सगळ्यात वाईट जिना कुठला होता गं?

ताईचा चेहरा उजळला. पाण्याच्या टाकीमागची इमारत, ती म्हणाली. पाचव्या मजल्यावर एक म्हातारा राहायचा, दर महिन्याला त्याला बहिणीचं पत्र यायचं आणि तो ते ताईकडूनच वाचून घ्यायचा. तिथला दिवा कायम गेलेला, चौथ्या मजल्यावर कुत्रं. सांगता सांगता ताई पुढे झुकली, गुडघा पायरीवर वाकला, पाठ गोल झाली. टेपकडे तिचं लक्षच नव्हतं. टेलरबाईंनी कमरेपासून मागून खालपर्यंत माप घेतलं, ते आरशापुढच्या मापापेक्षा चार बोटं जास्त भरलं. गुडघ्यावर तीन बोटं जास्त. कुत्र्याची गोष्ट संपेपर्यंत माप झालं होतं.

नवी पँट शिवायला दोन दिवस लागले. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच ठेवली. कंबरपट्टा रुंद केला आणि इलॅस्टिक फक्त मागे घातलं. गुडघ्यावर बारीक चुण्या दिल्या, उभं राहिल्यावर त्या जरा बावळट दिसत, वाकल्यावर नाहीशा होत. शिवण व्रणापासून बाजूला सरकवली. वर घालायला बाजूंना चीर ठेवलेला सुती सदरा, हात वर केले तरी पोट झाकणारा. आणि सगळ्यात शेवटी, ताईच्या जुन्या खाकी गणवेशाचा तुकडा कापून कमरेशी एक छोटा खिसा लावला, झाकण आणि बटण असलेला. खिसा कशाला हवाय ते त्यांनी विचारलं नाही. रुमालाला असेल, म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर ताई एक दिवसही चुकली नाही. तिसऱ्या आठवड्यात सायकलचं पेडल पूर्ण फिरलं. कोचबाईंनी ताईच्या पँटचा नमुना उलटसुलट करून पाहिला. मग टेलरबाईंकडे जिममधल्या बायका येऊ लागल्या. त्यांना त्या आरशापुढे उभंच करत नसत, थेट मागच्या दारी पायरीवर नेत आणि काहीतरी बोलतं ठेवत.

दोन महिन्यांतला शेवटचा रविवार उजाडला. दोघी बहिणी ताईच्या इमारतीखाली आल्या. ताईने काठी टेलरबाईंच्या हातात दिली, कठडा धरला आणि चढू लागली. धड असलेला डावा पाय आधी, मग उजवा. पायऱ्या मोजत नव्हती. पहिला मजला झाला. दुसऱ्याला ती एकदा थांबली, नाकाने श्वास घेतला आणि पुन्हा निघाली. टेलरबाई मागे होत्या, ती पडली तर धरायला. पण दुसऱ्या मजल्यानंतर त्यांचीच दमछाक झाली. दिवसभर मशिनीवर बसलेले पाय ते, शिवाय अंगावर स्वतःच शिवलेला, कमरेत नेमका बसणारा कपडा. वळणावर त्या कठड्याला टेकल्या आणि वर पाहू लागल्या.

ताई दारापाशी पोचली होती. तिने कमरेशी हात नेला, खाकी खिशाचं बटण काढलं आणि त्यातून घराची किल्ली बाहेर आली. रोज सायकलवर, मशीनवर, चटईवर ती किल्ली तिच्या अंगावर होती. टेलरबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. त्यांची बहीण इथेच राहणार होती, चार गल्ल्या पलीकडे, स्वतःच्या घरात.

कुलूप उघडलं. ताईने वळून खाली पाहिलं. धाकटी नऊ पायऱ्या खाली धापा टाकत उभी होती.

"टेप आहे ना गळ्यात?" ताईने विचारलं. "आण इकडे. उद्यापासून तूही यायचंस माझ्याबरोबर. पाय ठेव वरच्या पायरीवर."

टेलरबाई हळूहळू वर आल्या, टेप दिली आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवला. ताईने टेप त्यांच्या कमरेभोवती घातली, आणि टेलरबाईंनी पोट आत ओढून घेतलं.