मायच्या कानासाठी जोराची मशीन

क्षयाच्या इंजेक्शनांनी माय वाचली आणि तिचे कान गेले. खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, आणि बघता बघता तिला भांडी पडल्याचाही आवाज येईनासा झाला. तेव्हा आमचं वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. गाव जऊळका स्टेशनापासून पायी जाण्यासारखं. गावात कुणी बहिरं झालं की लोक आधी ओरडून बोलायचे, मग हातवारे करायचे, आणि कंटाळले की बोलणंच सोडून द्यायचे. याच्यापुढं उपाय कुणाला माहीत नव्हता. मला हे पटत नव्हतं. आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी. हे मी आजही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मास्तर होतो, शहाण्या लोकांशी दोन शब्द बोलू शकत होतो, आणि मायच्या कानाचं काहीतरी करीनच अशी माझी खात्री होती.

मायला कान हवे होते ते वेगळ्याच कारणासाठी. वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना ती सांगायची. विहार म्हणजे टिनाची एक खोली, आत बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची छोटी मूर्ती. माय सगळ्यांच्या पुढं बसायची. ती एक ओळ म्हणायची, मागून बाया तीच ओळ म्हणायच्या, त्यांची संपली की माय पुढची ओळ धरायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण पाली वंदना अथपासून इतिपर्यंत पाठ. कान गेले तरी ओळी कुठं गेल्या नव्हत्या. पण बायांची ओळ कधी संपली हे तिला कळेना. त्या अर्ध्यात असल्या की ही पुढची ओळ उचलायची. कुणी जुनी ओळ धरून, कुणी नवी. तरण्या पोरी तोंडावर पदर घेऊन हसायच्या. एका रविवारी काकूनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, मायचा हात धरून तिला मागच्या रांगेत बसवलं आणि स्वतः पुढं बसली. काकूच्या मनात वाईट काही नव्हतं. वंदना सुरळीत झाली, हेच वाईट.

दुसऱ्या दिवशी माय माझ्यापुढं येऊन बसली. आमच्या घरच्यांचे ओठ तिला थोडेफार कळायला लागले होते.

"मले कानाची मशीन आणून दे," ती म्हणाली. "लय जोराची."

एकदम कशी आठवण झाली, असं मी ओठ ताणून विचारलं.

"मले पुढं बसाचं हाय."

जऊळक्याहून गाडीत बसून आम्ही अकोल्याला गेलो. कानाच्या डॉक्टरांनी मायच्या डोक्यावर हेडफोन चढवला, बटणं दाबली, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. बराच वेळ मायचं बोट मांडीवरच राहिलं. शेवटी मोठ्या, जाड आवाजांना ते वर आलं. डॉक्टर मला म्हणाले, नस गेलेली आहे, मशीननं आवाज पोचेल, पण शब्द साफ येतीलच असं मी सांगत नाही. मशीन मात्र जास्त ताकदीची लागेल. ह्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी डोक्यात घेऊन बाहेर पडलो.

मशीन विकणारा नागपूरहून यायचा आणि स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये खोली घेऊन बसायचा. त्यानं सुटकेस उघडून टेबलावर डब्या मांडल्या. काड्यापेटीहून मोठी डबी, आत पेन्सिल सेल, डबीतून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला बटणासारखा गोल तुकडा. तो कानात बसवायचा. त्यानं तो मायच्या कानात बसवला, डबी टेबलावर ठेवली, चाक फिरवलं आणि टाळी वाजवली. माय दचकली. मग मी टाळी वाजवली. माय हसली. कित्येक महिन्यांत ती आवाजाला हसली नव्हती. विकणारा तिला सारखा "आजी, आजी" म्हणत होता. माय पन्नाशीच्या अलीकडची होती. हे तिला समजलं नाही ते बरंच झालं. टाळी ऐकू आली म्हणून आम्ही मधल्या ताकदीची मशीन घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो.

घरी मायनं मशीन लावली आणि तिचा चेहरा उतरला.

"कोनी कापूस पिंजून राह्यलं का?" तिनं विचारलं.

कुणीच काही करत नव्हतं. घरात आम्ही तिघं, बा, माय आणि मी, गप्प बसलेले. मायनं मान हलवली की पिंजण, हात उचलला की पिंजण, श्वास घेतला की पिंजण. त्याच्यामागं कुठं बोलणं असलंच तर ते तिला लागत नव्हतं. रविवारी ती मशीन लावून विहारात गेली आणि मागच्याच रांगेत बसून आली. मी ठरवलं, मशीन कमी ताकदीची आहे. पिंजणाच्या वर बोलणं चढलं पाहिजे, तर मशीन जोराची पाहिजे. हिशेब सरळ होता.

पुन्हा अकोला, पुन्हा लॉज. विकणाऱ्यानं डबी टेबलावर ठेवून टाळी वाजवली, माय दचकली. तो म्हणाला, चांगली चालते की. मी म्हटलं, इथं चालते, घरी चालत नाही. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी मास्तर नसून मास्तरच्या शाळेतला पोरगा आहे. तरी त्यानं ती बदलून वरच्या ताकदीची दिली.

ती घरी आली आणि पिंजणाऱ्यानं जणू जोरानं दांडा मारायला सुरुवात केली. वर शिट्टी. मायनं चाक थोडं पुढं फिरवलं की कानातून चिरकी शिट्टी निघायची. ती मायला ऐकू यायची नाही, आम्हाला यायची. शेजारचं कुत्रं उठून दारात यायचं. बा म्हणाला, "इच्यापरीस रेडिओ घेतला असता त बातम्या तरी कानावर पडल्या असत्या."

तिसऱ्या वेळी विकणारा चिडला. त्यानं शिट्टीसाठी मायच्या कानाचं माप घेतलं, ओला गुलाबी गोळा कानात भरून साचा काढला, आणि नेमका साचा टपालानं येईल म्हणाला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मास्तर, ही सगळ्यात जोराची. ह्याच्यावर आता लाउडस्पीकरच आहे." आणि पुन्हा टेबलावर डबी, पुन्हा टाळी, पुन्हा माय दचकली. मला तर त्या टाळीचाच राग यायला लागला होता. मी त्याला सरळ म्हटलं, तुम्ही लॉजमध्ये चालणारी मशीन विकता. तो म्हणाला, मग तुमच्या गावातच काहीतरी दोष आहे. गाडीत माय खिडकीतून बाहेर पाहत बसली होती आणि मी तिच्या शेजारी बसून मनातल्या मनात त्या माणसाशी अर्धा रस्ता भांडत आलो.

साचा आला. शिट्टी थांबली. पिंजण तसंच.

त्या दिवशी माय मशीन लावत होती. डबी आत ठेवायची म्हणून तिनं पाठ फिरवली, मीही नेहमीसारखं तोंड दुसरीकडं केलं. बा ओट्यावर तंबाखू मळत होता. मी कुरकुरत होतो की आता मुंबई गाठावी लागेल, इथल्या मशीनमध्ये दम नाही. बा सहज म्हणाला, "तिले आतून काय ऐकू येईन?"

"आतून म्हंजे?"

"डबी चोळीत. वरून पदर. पदरावर अजून पदराचा फेर. मले वाटलं तशीच घालतात. तूच त सायबाजवळून शिकून आला."

मी जाऊन खोकं काढलं. मशीनच्या खोक्यावर टाय लावलेल्या एका साहेबाचं चित्र होतं, डबी त्याच्या शर्टाच्या खिशात, आवाज धरणारी तिची जाळी वर उघडी. लुगड्याला खिसा नसतो, हे ना खोक्यावर लिहिलेलं, ना लॉजमध्ये कुणी बोललं. परक्या बाईला डबी कुठं ठेवता हे विकणारा विचारणार नाही, आणि माय छातीशी काय खोचते ते मुलगा बघणार नाही. सगळ्यांनी आपापली मर्यादा पाळली, आणि माय महिनोन् महिने स्वतःच्या लुगड्याचा आवाज ऐकत बसली. मशीन जेवढी जोराची आणली, तेवढं लुगडं जोरानं वाजलं.

डबी पदराच्या बाहेर काढायची, एवढंच राहिलं होतं. आणि माय त्यालाच तयार होईना. बाया काय म्हणतील? मास्तरच्या मायनं गळ्यात डबा बांधला म्हणतील. मी म्हटलं, म्हणू दे. ती म्हणाली, "तुले काय जाते म्हनाले. तू पँटीत हिंडते." दोन रविवार ती गेलीच नाही. काकू पुढं बसून वंदना सांगत होती, चुकत नव्हती, हे मायला बायांच्या हातवाऱ्यांवरून कळतच होतं. मग एका दुपारी तिनं वंदनेच्या पांढऱ्या लुगड्याच्या जुन्या तुकड्याची थैली शिवली, तिला नाडी लावली, आणि रविवारी ती गळ्यात, पदराच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी घालून निघाली.

मीही मुद्दाम तिच्या मागून गेलो. माय विहारात शिरली ती थेट पुढं जाऊन बसली, कुणाला विचारलं नाही. काकू सरकली. म्हणाली, "बस बाई, पन धावू नको." ते मायला पोचलं नाही. तिनं पहिली ओळ म्हटली, हात डबीवर ठेवला आणि डोळे मिटले. मागून बाया म्हणाल्या. संपल्या. मायनं दुसरी ओळ धरली. मग तिसरी. मध्ये एक तान्हं पोर रडायला लागलं तर माय थांबली. तिला वाटलं बायांचं अजून चालू आहे. आईच्या मांडीवर ते गप्प होईपर्यंत अख्खा विहार ताटकळला. मग तिनं पुढची ओळ घेतली. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर मी डबीजवळ तोंड नेऊन विचारलं, बायांचे शब्द ऐकू आले का? तिनं माझ्या ओठांकडं पाहिलं.

"बोल नाई येत. भुंग्यावानी गुंगाट येते, मंग बंद होते. बंद झालं का मी धरतो."

"अन् माया आवाज?"

"तुया बी गुंगाटच."

ओळी तिच्याजवळ होत्याच. तिला फक्त त्यांचा शेवट पाहिजे होता, तो त्या डबीनं दिला. मला जे पाहिजे होतं ते कोणतीही डबी देत नव्हती. मी नंतरही एकटा अकोल्याला जाऊन त्या विकणाऱ्याला विचारून आलो, शब्द ऐकू येतील अशी जोराची मशीन कुठं मिळते. तो म्हणाला, जोरानं शब्द होत नाहीत मास्तर. मी त्याच्याशी पुन्हा भांडलो.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली कारंज्याकडं झाली. माय तांदूळ निवडत होती, थैली गळ्यात होती. मी तिच्या डबीशी वाकून सांगत गेलो: बदली झाली, लांब आहे, दर रविवारी येणं जमणार नाही, बाला दम्याची गोळी वेळेवर देत जा. तिनं सुपातून मान वर केली नाही. माझा आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि थांबला तसं म्हणाली, "बरं."